चौथऱ्याची पूर्व

अल्का मेश्राम डबा उघडायची, दोन घास चिवडायची आणि पुन्हा बंद करायची. मला भारी राग यायचा. "अन्नावर कायले राग काढून राहिली पोरी?" मी विचारायचो. ती स्क्रीनवरून नजरही हलवायची नाही.

चिचगडच्या पुढे, जंगल आणि धानाच्या बांध्या यांच्या मधोमध आमचं वारा मोजायचं रडार आहे. सिमेंटच्या चौथऱ्यावर ॲन्टेनांच्या रांगा. त्यातून लहरी आभाळात जातात, आणि परत आलेल्या लहरींवरून वरचा वारा कुठून, किती जोरानं वाहतोय ते कळतं. मी शिवलाल रहांगडाले, इथलं स्टोअर आणि जनरेटर सांभाळतो. ओरडायचं काम बिनपगारी करतो. अल्का केशोरीची. बाप दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करतो, आई नाही, आणि ही पोरगी भौतिकशास्त्र शिकून सबंध केंद्राच्या मापांचा हिशेब बघते.

तिचं मुख्य काम पडताळणीचं. जगभरातले फुगे, विमानं, उपग्रह यांची मापं गोळा करून संगणक होऊन गेलेलं हवामान पुन्हा मांडतो. त्याला रिॲनालिसिस म्हणतात. आमच्या डोक्यावर त्या वेळी वारा कसा असावा, हे त्यात सापडतं. ते एकीकडे, आमच्या रडारचं माप दुसरीकडे. वेग छान जुळायचा, दिशा काही केल्या जुळेना. रिॲनालिसिस म्हणे पश्चिमेचा वारा, आमचं रडार म्हणे नैऋत्येकडे झुकलेला.

शेवटी वरच्या कचेरीनं कळवलं की कारण सापडलं नाही तर आजवरची सगळी मापं बाद धरू आणि रडार उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ. अल्काचा बाप हिरालाल रोज फोन करायचा. पोरगी जेवत नाही, हे मीच त्याच्या कानावर घातलं होतं. "जय भीम, बाबा," ती म्हणायची. पलीकडून एकच प्रश्न, "मशीन राहते का जाते?"

मला वाटलं, एवढं काय त्यात! "फरक माहीत हाय ना? मंग तेवढं फिरवून टाक. जुरते आपोआप."

ती माझ्यावरच उखडली. "तिकडचं पाहून इकडचं बदललं तर तपासलं काय, काकाजी? त्याले कॉपी म्हणतात. काऊन फिरवलं, ते सांगता आलं पाह्यजे."

मी पाय आपटत जनरेटरकडे गेलो. पण बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली. खालचा वारा घ्या, वरचा घ्या, फरक तोच. पावसाळ्यातही तोच, हिवाळ्यातही तोच. "वारा असा शिस्तीत चुकत नाई," ती म्हणाली. "काहीतरी बुडातूनच वाकडं हाय." आणि स्टोअरमधून ओळंबा मागितला, मिस्त्री भिंत सरळ बघायला वापरतात ते दोरीला बांधलेलं वजन.

भर दुपारी आम्ही चौथऱ्यावर ओळंबा टांगला. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन होतं. दोरीची सावली आखूड होत गेली. सगळ्यात आखूड झाली तेव्हा ती खऱ्या उत्तरेकडे पडलेली असते, हे मला तिनंच सांगितलं. चौथऱ्याची कड त्या सावलीच्या ओळीत असायला हवी होती. ती चक्क तिरपी निघाली, आणि कोन स्क्रीनवरच्या फरकाएवढाच. अल्कानं कोन वहीत लिहिला. "रडार बरोबर हाय, काकाजी. बसवलंच वाकडं हाय."

मग केशोराव मिस्त्रीला बोलावलं. चौथरा त्याच्याच हातचा. तो बिचारा घाबरत आला. मी तोंड उघडायच्या आत अल्कानं त्याला चहा दिला, म्हणून वाचला.

"आखणीवाले साहेब आलेच नाई जी," तो म्हणाला. "ठेकेदार म्हणे, सुरू कर. सकारी पूजा केली, दिवस निघाला, तिकडं तोंड करून खुटी ठोकली न सूत धरलो. पूर्व म्हणजे दिवस निघते तेच ना?"

"महिना कोणता होता?"

"पूस."

अल्का हसायला लागली. पुसात, म्हणजे पौषात, ऐन हिवाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवतच नाही, चांगला दक्षिणेकडे सरकून उगवतो. मिस्त्रीनं त्यालाच पूर्व धरलं, आणि रडार बसवणाऱ्यांनी मिस्त्रीला. कोणी पुन्हा तपासलंच नाही.

"तोडा लागते काय चौथरा?" केशोरावनं विचारलं.

"काहीच नाई तोडाचं. कोन कळला, आता मशीनले सांगू."

त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "नाई, गावातले अर्धे घरं मी असेच बांधले, म्हणून इचारलो."

माझंही हसू फुटलं. अल्कानं कचेरीला सावलीचा कोन, मिस्त्रीचं म्हणणं, सगळं कळवलं. उत्तराची वाट पाहताना मी उगाचच दोनदा जनरेटर पुसला. मग उत्तर आलं. कारण मान्य, जुनी मापं कोन दुरुस्त करून ठेवावीत, रडार आहे तिथेच राहील. मी आनंदानं एवढा ओरडलो की गेटवरचं कुत्रं पळालं.

तेवढ्यात हिरालालचा फोन आला. तिनं स्पीकरवर घेतला.

"मशीन राहते का जाते?"

"राहते, बाबा."

मग म्हातारा म्हणाला, "मंग जेव आता."

आणि अल्कानं डबा उघडला.