भिंतीआधी आलेली ढोली

माझ्या मायनं शिडीवरून खाली उतरावं म्हणून मी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला घर बांधलं. लोक मुलाबाळांसाठी घर बांधतात, समाजात नाव व्हावं म्हणून बांधतात, काहीजण तर नुसतं साडूला जळवायला बांधतात. माझं कारण शिडी होतं.

माय सौंदडच्या पुढं, आतल्या अंगाला असलेल्या आमच्या गावात एकटी राहायची. बाबा गेल्यावर शेती चुलतभावाकडं ठेक्यानं होती, आणि आमच्या वाट्याचं धान तो दरसाल घरी आणून टाकायचा. घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू. उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात, म्हणजे फुटलेले काढून नवे बसवायचे, सरकलेले जागेवर आणायचे. या कामाला गावात माणसं मिळत. पण मायच्या मते त्यांचे पाय जड; बसवतात कमी, फोडतात जास्त. म्हणून साठी ओलांडलेली माझी माय लुगड्याचा काष्टा आवळून स्वतःच छपरावर चढायची. मी गोंदियात कचेरीच्या खुर्चीवर बसल्याबसल्या तिला घसरताना पाहायचो. गावाकडचा कुणी माणूस कचेरीच्या दारात दिसला की मला वाटायचं, माय पडल्याचा निरोप आला. तो बिचारा दाखल्यासाठी आलेला असायचा, आणि मी त्याच्यावर उगाच खेकसायचो.

तेव्हा आम्ही नवराबायको गोंदियात भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. माय दिवाळीला बल्लारशा पॅसेंजरनं यायची, पाहुण्यासारखी राहायची आणि पिशवी भरून परत जायची. "इथंच राह्य ना," म्हटलं की तिच्याकडं एक गोष्ट तयार असायची. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, म्हातारपणी नागपूरला पोराकडं राहायला गेली. आधी तिला समोरची खोली मिळाली. मग पाहुणेरावळे येतात म्हणून ती नातवंडांच्या खोलीत गेली. मग नातवंडांचा अभ्यास होत नाही म्हणून मागच्या गॅलरीत, तिथं जाळी लावून दिली होती. आणि एक दिवस मावशी आपली पेटी घेऊन गावी परत आली. कुणी भांडलं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

"मी तसा नाही," मी म्हणायचो.

"तो बी तसा नोयता," माय म्हणायची.

तरी मी कुडव्यात प्लॉट घेतला. तेव्हा तिथं रस्त्याच्या नावानं मुरूम होता आणि शेजारच्या धानाच्या बांध्यांमधून बेडकं सरळ प्लॉटवर यायची. मी मायला समोर बसवलं आणि म्हटलं, आता आपलं स्वतःचं घर होणार, आता काही कारण सांगू नकोस. तिनं एकच विचारलं.

"धान कोठं ठेवशील?"

गोंदियात दर गल्लीला तांदळाची गिरणी आहे. दुकानात पाहिजे तो तांदूळ मिळतो. हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी म्हटलं होतं, माय विकत मिळते.

"इकतचा तांदूळ खाऊन मी तुह्या घरी राहीन काय?"

झालं. मायला आणायचं तर धानाला आणायचं. मी आलेखाच्या कागदावर घर काढायला घेतलं. मला तो नादच आहे. कचेरीत साहेबाचं भाषण चालू असताना मी एका मागोमाग एक नकाशे काढले. बायकोला ग्रॅनाइटचा ओटा आणि रस्ता दिसेल अशी स्वयंपाकघराची खिडकी हवी होती. मला मोठा हॉल हवा होता. मायला समोरची खोली द्यायची, दक्षिणेचा वारा येणारी, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि मागच्या बाजूला धानाची खोली. इंजिनिअरनं माझा कागद घेतला, चष्मा वर केला आणि धानाच्या खोलीवर इंग्रजीत 'स्टोअर' असं लिहून तिचा अर्धा भाग संडासाला देऊन टाकला. तो परत मिळवायला मला त्याच्याकडं रोज संध्याकाळी जाऊन बसावं लागलं.

पाया भरला तेव्हा माय घर पाहायला आली. ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना ठाऊक आहे की नुसत्या पायावर घर एवढंसं दिसतं. भिंती चढल्या की ते मोठं होतं. का होतं ते देवाला माहीत. पण हे मायला सांगायचं कुणी? ती चुन्याच्या रेघांमधून फिरली. हॉलमध्ये उभी राहून तिनं विचारलं, "हे न्हाणीघर काय?"

मागच्या खोलीशी आल्यावर तिनं पदर खोचला आणि सरळ जमिनीवर आडवी झाली. रेघेला डोकं, रेघेला पाय. मग कूस बदलून आडव्या बाजूनं मोजलं. लुगड्याला सगळा चुना. रस्त्यानं जाणारा एक माणूस मोटारसायकल थांबवून धावत आला, "क्या हुआ? चक्कर आया क्या अम्मा को?" त्याच्या मागं आणखी लोक. एकानं पाणी आणलं. मी प्रत्येकाला सांगत होतो की काही झालं नाही, ती खोली मोजून राहिली, आणि प्रत्येकजण माझ्याकडं असं बघत होता की असला कसला हा पोरगा, मायला उन्हात जमिनीवर निजवून ठेवतो. माय उठली, चुना झटकला आणि म्हणाली, "बसते." काय बसतं ते मी विचारलं नाही. मला वाटलं, धान.

आमचा मिस्त्री बालाघाटकडचा. त्याच्या तोंडी एकच वाक्य. भिंत वाकडी आहे म्हटलं तर "हो जाएगा". सिमेंट भिजलं म्हटलं तर "हो जाएगा". मी त्याला एकदा रागानं विचारलं, की तुझ्या डोक्यावर वीट टाकली तर? तो हसला आणि म्हणाला, "हो जाएगा, भैया." मायला हिंदी येत नव्हती, त्याला आमची बोली समजत नव्हती, पण दोघांचं माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. ती त्याला 'बापू' म्हणायची. मला तिनं इतक्या लाडानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही.

हिवाळ्यात भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या, आणि नेमकं तेव्हाच कचेरीनं मला प्रशिक्षणाला नागपूरला धाडलं. परत आलो तो स्टेशनवरून थेट कुडव्याला गेलो. भिंती खिडकीच्या वर गेलेल्या. चौकटी बसलेल्या. मन भरून आलं. एकेक खोली पाहत मागं गेलो आणि दारातच थांबलो, कारण पुढं जायला जागा नव्हती.

खोलीत ढोली उभी होती.

ढोली म्हणजे बांबूच्या कमट्यांची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, धान साठवायची प्रचंड टोपली. ही तर अशी की तिच्यात मी उभा राहिलो असतो तर बाहेरून फक्त माझं टक्कल दिसलं असतं. कोरी करकरीत, वर ताडपत्री बांधलेली. मी दाराकडं पाहिलं, ढोलीकडं पाहिलं, पुन्हा दाराकडं पाहिलं. दाराची रुंदी तिच्या निम्म्यानंही नव्हती.

"ये कैसे आया?" मी मिस्त्रीला ओरडून विचारलं.

"माताजी लाई. ट्रॅक्टर पे. दीवार के ऊपर से उतार दिया. बाद में दीवार चढ़ा दी."

"और निकलेगा कैसे?"

त्यानं पहिल्यांदाच विचार केला. मग म्हणाला, "नहीं निकलेगा." सबंध बांधकामात त्यानं नाही म्हटलं ते एवढंच.

घरी येऊन मी बायकोवर भडकलो, की तू इथं असताना हे झालंच कसं. तिचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं, धानवाल्यांचं. तिला माझा राग कळेनाच. "अहो, ढोली आधीच ठेवतात ना," ती म्हणाली. "आमच्याकडं पण ढोली ठेवूनच भिंत घेतली होती. नाहीतर दारातून कशी जाणार?" आमच्या गावच्या घरातही ढोली होती, आणि ती आत कशी आली असेल हा प्रश्न मला या वयापर्यंत पडला नव्हता. पडला म्हणून मी ढोलीसोबत येऊन आमच्याकडं थांबलेल्या मायला विचारलं, की मग जुनीच का नाही आणली, नवी बुरडाकडून कशाला विणून घेतली?

"जुनी तेथून निघते काय?" माय म्हणाली.



ढोली रिकामी उभी ठेवत नाहीत म्हणून तिनं तिच्यात नवं धानही भरून टाकलं होतं. छप्पर नसलेल्या घरात आमचं वर्षाचं धान. बायको ग्रॅनाइट पाहत होती, मी रोज सकाळी आभाळ पाहत होतो. स्लॅबची वेळ आली तेव्हा सेंट्रिंगवाला आला, मागच्या खोलीत डोकावला आणि डोक्याला हात लावून बसला. स्लॅबखाली फळ्या, फळ्यांखाली टेकूच्या बल्ल्या, आणि बल्ल्या उभ्या करायच्या तिथं ढोली. "भाऊ, घर बांधून राहिले का गोदाम?" तो म्हणाला. खाली करा, फोडा, काहीही करा. माय प्लास्टिकची खुर्ची घेऊन ढोलीसमोर बसली. सेंट्रिंगवाला तिच्याशी वाद घालून थकला, मग माझ्याशी भांडला, मग मिस्त्रीकडं वळला. मिस्त्री काय म्हणाला ते सांगायची गरज नाही.

शेवटी ढोलीभोवती इतक्या बल्ल्या उभ्या राहिल्या की आत मांजर शिरलं असतं तर वाट चुकलं असतं. वरून सिमेंटचं पाणी गळलं आणि तिच्या एका अंगावर राखाडी ओघळ उतरले. माय त्याच्यावर शेणमाती लिंपत बसली. ओघळ काही पूर्ण झाकले नाहीत.

अक्षय्य तृतीयेला आम्ही घरात राहायला गेलो. पूजा झाली, पंगत झाली, गावचे लोक ट्रॅक्टरनं परत गेले. जाताना प्रत्येकानं मागं जाऊन ढोली पाहिली आणि चांगली आहे म्हटलं. माझ्या हॉलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. समोरच्या खोलीत मी मायसाठी नवीन पलंग ठेवला होता, नवा पंखा, खिडकीला पडदा. रात्री ती तिथं झोपली. मला वाटलं, जिंकलो.

सकाळी चहा घेऊन गेलो तर ती पलंगावर बसून गाठोडं बांधत होती.

"कोठं?"

"गावाले. कवेलू फेरायचे हायेत."

राग आला की माझी कचेरीची मराठी सगळ्यात आधी पळते. "मंग ही ढोली कायले आणली एथं?" मी ओरडलो. "साऱ्या घराचा सत्यानाश केला तुह्या ढोलीनं! जातेस तं घेऊन जा ते बी!"

"निघते काय?" तिनं शांतपणे विचारलं.

"निघत नाही! भित फोडा लागते!"

"फोडशील?"

"डोकं फिरलं काय माह्यं? नवी भित हाये! वर स्लॅब हाये!"

"काऊन गा, सुनबाई म्हणाली तं? पाहुणे आले, जागा पुरत नाही म्हणाली तं?"

"ब्रह्मदेव आला तरी फोडत नाही!"

"हं," माय म्हणाली, आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली.

मी चहाचा कप धरून तसाच उभा. दारात बायको होती. तिनं ते ऐकलं होतं, आणि माझ्याआधी तिला समजलं. तिनं पदर तोंडाशी धरला. माय गाठोड्यातून लुगडी काढून घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या मावशीपाशी नागपूरले पेटी होती. पेटी कोणबी उचलते."

मला एकदम रडू आलं. लहान पोरासारखं, आवाज करून. इतके दिवस मी समजत होतो की ती धानासाठी हटून बसली आहे. तिनं धान आणलं ते खरंच, इकतचा तांदूळ तिला चाललाही नसता. पण बांबूची ती टोपली तिनं माझ्या घरात आधी बसवली आणि मग भिंती वर येऊ दिल्या, आणि एवढं सगळं करूनही मी काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय तिनं गाठोडं सोडलं नाही. तिचा मला राग आला, मावशीच्या पोराचा आला, आणि मग माझाही आला. ती मात्र माझं रडणं संपायची वाट पाहत होती.

"झालं काय?" ती म्हणाली. "मंग माही खाट मांगं टाक. ढोलीपाशी. ही समोरची खोली नोको मले."

कवेलू फेरायला मी चुलतभावाला निरोप धाडला. जड पायांच्या माणसांनी ते फेरले, पुष्कळ फोडले, आणि माय महिनाभर त्यांना इथून शिव्या देत राहिली. त्यानंतर ती कधी शिडीवर चढली नाही.

पलंग मात्र मागच्या खोलीत जाईना. ढोली आणि भिंत यांच्यामधल्या जागेत तो बसतच नव्हता. मी सुताराला बोलावलं. त्यानं मोजमाप घेतलं आणि म्हणाला, पलंग तरी कापा नाहीतर ढोली तरी काढा. मायनं माझ्याकडं पाहिलं.

"पलंग काप," मी म्हणालो.