ऑर्व्हिलचा पूल आणि अध्यक्षांचा शब्द

न्यू हॅम्पशायरच्या माणसाला अध्यक्षपदाचं फारसं अप्रूप नाही. दर चार वर्षांनी, ऐन थंडीत, देशभरातले उमेदवार आमच्या दारात येऊन उभे राहतात, कारण पक्षाच्या उमेदवारीसाठीचं पहिलं मत इथं पडतं. कुणी आमच्या अंगणातला बर्फ उपसतो, कुणी आमची शेंबडी पोरं कडेवर घेतो. आणि आमची माणसं दाखवायला आणलेल्या मुलीसारखं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात नि म्हणतात, "बरा दिसतोय. पण दोनदाच तर भेटलाय. एवढ्यावर काय ठरवायचं?"

या बाजारात ईस्ट हॅल्स्टनच्या ऑर्व्हिल पेल्टियरइतका खट माणूस दुसरा नव्हता. घरं उबदार ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. लग्न केलं नाही. का, ते गावाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे गावाकडे त्याची सात-आठ कारणं होती. सकाळी हॅटी ब्लॉजेटच्या खाणावळीत खिडकीजवळच्या बाकड्यावर बसायचं, कॉफी प्यायची आणि येईल त्या उमेदवाराला घाम फोडायचा, हा त्याचा एकुलता एक शौक.

साठी उलटल्यावर मात्र त्याला दुसरा शौक लागला. ओढ्यापलीकडे राहणाऱ्या कॉनी डुबेची भट्टी एका हिवाळ्यात वारंवार बिघडू लागली. कॉनी विधवा, बोलायला फटकळ, हाताला चव. भट्टी नवीकोरी होती, हे गावानं ऑर्व्हिलच्या तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. पाठीमागे मात्र दुसरं काही बोललं नाही. पुढे भट्टीचं निमित्तही गळालं. रोज दुपारी ऑर्व्हिल लाकडी पूल ओलांडून जायचा, जेवायचा, पत्ते खेळायचा आणि अंधार पडला की टोपी घालून घरी परतायचा.

मग वसंतातल्या एका पुरानं पुलाचे खांब खिळखिळे केले. दोन्ही तोंडांना आडवे दांडे पडले. हायवेनं वळसा घालून जायचं तर तासभर मोडायचा, आणि ऑर्व्हिलची जुनी गाडी चढावर दम टाकायची. रोजची भेट आठवड्यावर आली. माणूस वाळत चालला.

त्याच वर्षीच्या थंडीत सिनेटर हॅलोरन अध्यक्षपद मागत खाणावळीत आला. ऑर्व्हिलनं त्याचा हात धरला तो सोडेचना.

"कर, युद्ध, ते सगळं राहू द्या. आमच्या पुलाचं काय करणार?"

"निवडून आलो की बघतोच," हॅलोरन म्हणाला. मतं मागायला आलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

ऑर्व्हिलनं आयुष्यात पहिल्यांदा एका दमात मत ठरवलं. हॅलोरन निवडून आला. ऑर्व्हिल रोज ओढ्याकाठी जाऊन बघायचा, कुणी फळ्या आणून टाकल्यात का.

"काय रे, आली का तुझी फौज?" हॅटी विचारायची.

"देशाचा कारभार आहे बाई. वेळ लागतो."

तीन हिवाळे गेले. चौथ्यात हॅलोरन दुसऱ्यांदा मतं मागायला आला, आता अध्यक्ष म्हणून. आधी काळ्या कोटातली सुरक्षेची माणसं आली, त्यांनी हॅटीची केक कापायची सुरीसुद्धा उलटसुलट करून पाहिली. मग साहेब आत आले. ऑर्व्हिल बाकड्यावरून उठला नाही.

"काय हो हॅलोरन, पूल?"

अध्यक्षांना आठवलं, हे त्यांचं कौतुक. ते समोर बसले.

"ऑर्व्हिल, खरं सांगू? जगाच्या दुसऱ्या टोकाला मी आरमार पाठवू शकतो. तुमच्या ओढ्यावर एक फळी पाठवू शकत नाही."

"का? हुकूम काढा."

"पैशाची थैली काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे. तिनं थैलीचं तोंड सोडल्याशिवाय मला दमडी खर्चता येत नाही. बळंच हुकूम काढला तर कोर्ट मला उभं करेल. आणि पूल तर तुमच्या गावाचा!"

"पण काँग्रेसचा कायदा तुम्ही अडवता ना?"

"अडवतो. पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश जमले की ते माझ्या डोक्यावरून उडी मारून जातात. साधा न्यायाधीश नेमायचा तरी सिनेटच्या पाया पडावं लागतं."

"बरं, निदान माफी? परवान्याशिवाय ट्राउट मासे धरले म्हणून मला दंड झालाय."

"तो राज्याचा दंड. माझी माफी तिथं चालत नाही."

ऑर्व्हिलनं त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

"बहुतेक वेळ लोकांच्या मिनतवाऱ्या करतो," अध्यक्ष म्हणाले. "पण गावानं स्वतःच पूल का नाही बांधला?"

हॅटी कॉफी ओतता ओतता थांबली. मार्चमधल्या गावसभेची अध्यक्ष तीच असायची. "सांग ना ऑर्व्हिल. पुराआधी दर वर्षी पुलाच्या डागडुजीचा ठराव यायचा, तेव्हा उभं राहून 'नाही' म्हणायचा तो कोण?"

ऑर्व्हिलचे कान लाल झाले. गावसभेत तो शाळेच्या नव्या छपराला नाही म्हणाला होता, आगीच्या बंबाला नाही म्हणाला होता. खर्च दिसला की नाही, हे त्याचं ब्रीद. पूर येण्याआधी पुलाचा ठरावही त्यानंच पाडला होता, आणि पुरानंतर नवा ठराव कुठल्या तोंडानं मांडायचा म्हणून गप्प बसला होता. आपलेच दात, आपलेच ओठ!

"म्हणजे तुमचा नकार माझ्यापेक्षा भारी," अध्यक्ष म्हणाले आणि खाणावळ खदखदून हसली. काळ्या कोटातला एकजणसुद्धा.

त्या मार्चमध्ये गावसभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. बाहेर गुडघाभर चिखल, आत गावजेवणाच्या घेवड्याचा वास. हॅटीनं पुलाचा ठराव पुकारला आणि ऑर्व्हिल उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "नाही!" सगळे हसले.

"हो," ऑर्व्हिल म्हणाला. "पूल पाहिजे."

"कारण?" हॅटीनं विचारलं. तिला कारण ठाऊक नव्हतं असं नाही.

"पलीकडे माझं… काम असतं."

"भट्टीचं का रे?"

हशा ओसरायला बराच वेळ लागला. मतांची पिवळी कार्डं वर झाली तसा ऑर्व्हिल मान वळवून बघत राहिला. निम्म्यांच्या हातात कार्ड होतं, निम्म्यांच्या मांडीवर. आणि तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून, कॉनी डुबे बसली होती. कार्ड तिच्या पर्सखाली.

ठराव थोडक्या मतांनी पडला.

बाहेर चिखलात त्यानं तिला गाठलं. "कॉनी! तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

"अगं, मी येऊ नये असं वाटतं का तुला?"

"यायला पूल लागतो, ऑर्व्हिल, तसा जायलाही लागतो. पूल झाला की तू परत अंधार पडला रे पडला की टोपी शोधणार. अध्यक्षांना विचारलंस, गावाला विचारलंस. मला कधी काही विचारलंस?"

ऑर्व्हिलनं टोपी काढली.

"इथं नको," कॉनी म्हणाली. "बूट रुतलाय माझा. आधी तो काढ, मग विचार."

त्यानं वाकून आधी बूट काढला. मग काय विचारलं ते कुणाला नीट ऐकू आलं नाही, आणि त्याबद्दल गाव अजून हळहळतं. पण एप्रिलमध्ये त्याच्या गाडीत पलंग, अवजारं आणि रेडिओ लादून हायवेच्या वळशानं एकच खेप पलीकडे गेली, ती परत आली नाही.

पुढच्या मार्चमध्ये पुलाचा ठराव कॉनीनंच मांडला. हॅटीनं कारण विचारलं.

"दिवसभर घरात असतो गं," कॉनी म्हणाली. "सकाळच्याला तरी तुझ्याकडे बसू दे."

विरोधात एकही कार्ड वर झालं नाही.