खांदशेकणीची दुपार

डोळा लागतोय की नाही, मला कळत नाही. टेबलावर डोकं टेकलंय, वर पत्रा तापलाय आणि पंखा आपला फिरायचं म्हणून फिरतोय. श्रावण संपत आला, पण पावसानं दडी मारल्यापासून नुसत्या घामाच्या धारा. उद्या पोळा. बाहेर सुखदेव जेसीबी धुतोय, त्या पाण्याचा आवाज येतोय.

धुवायला मीच सांगितलंय. उद्या सकाळी मशीनला हार घालायचा, नारळ फोडायचा, फोटो काढायचा आणि लगेच तिला कालव्यावर धाडायची. पाऊस परत यायच्या आत कालव्याची पाळ पक्की झाली पाहिजे, म्हणून ठेकेदार सकाळपासून फोन करतोय. सुखदेव उईके माझा ड्रायव्हर. सकाळी तो चाचरत म्हणाला, "बाई, उद्या सुट्टी पाह्यजे होती. पोळा हाये, गावी जातो म्हनलं. अन् हा खांदाही लय ठणकते, हात वर होत नाही."

मी म्हटलं, "पोळा बैलाचा असते रे. तू कधीपासून बैल झाला?"

तो हसला नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण लोक निदान हसतात तरी. काय ते संध्याकाळी सांगते म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

पाण्याचा आवाज थांबतो.

"बेबे, तूप कोठी ठेवलं व?"

दारात डोमाकाका उभा आहे. आमच्या बाबांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी पोळा पाहिलाय. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्याच्या तिरडीला मी स्वतः हात जोडलेत, तरी मला नवल वाटत नाही. उलट रागच येतो.

"चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नको, काका. आत्ताच फरशी पुसली."

तो येतोच. त्याच्या पायाखाली फरशी नाहीच, शेणानं ओली झालेली जमीन आहे. फायलींच्या कपाटाच्या जागी गव्हाण आहे आणि तिच्यात हिरवा चारा.

"तूप कायले पाह्यजे?"

"आज खांदशेकणी न? वर्षभर जू वाह्यलं त्यानं. आज त्याचा खांदा हळद-तूप लावून चोळाव लागते. अन् उद्याच्या जेवनाचं आवतन द्याव लागते. इसरली?"

"बैल कवाचेच इकले, काका."

"असं कसं? हा काय उभा हाये."

गोठ्यात अंधार आहे. तो माझा हात धरून एका खांद्यावर ठेवतो. खांदा गरम आहे, सुजून टणक झालाय. तुपाचा हात फिरवते तसं जनावर थरथरतं.

"खांदा आला याचा," डोमाकाका म्हणतो. "आता याले जुंपता येत नाही."

"उद्याचा एक दिवस तर ओढीन न हा?"

माझी बोटं मानेकडे सरकतात आणि तिथे शर्टाची कॉलर लागते. मी चटकन हात मागे घेते.

बाहेर उजेड आहे. गावाबाहेरच्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलंय आणि त्याखाली बैलांची रांग लागलीय. बैलांच्या मधे मधे जेसीबी उभे आहेत, हार घातलेले, पुढच्या दातांना शेंदूर लावलेले. एवढे लोक जमलेत, पण पोळ्याची गाणी, झडत्या, कोणी म्हणत नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, कान देऊन ऐकावं तर माझा फोन वाजतोय.

आता मला बोलायलाच हवं. "आमच्या बाबांच्या वेळचा पोळा म्हंजे पोळा होता," मी मोठ्यानं म्हणते. "जुवाखाली त्या दिवशी कोणी मान घालत नव्हतं. बैलांच्या मागून काका, तू यायचा, आई तुझ्या पायावर पाणी घालायची. तुले नवं धोतर, पुरणाची पोळी, घरच्या मानसांच्या आधी तुझं ताट. सांग न यांना!"

"हो व. लय मान होता," डोमाकाका म्हणतो. "चाल, जरा माह्या घरी जाऊन येऊ."

एकच पाऊल टाकतो आणि आम्ही त्याच्या झोपडीत असतो. त्याची बायको अंजिराकाकू चुलीपाशी बसलीय. पुढ्यात झाकलेलं ताट. पोरं मातीचे बैल मुठीत धरून तशीच उपाशी झोपलीत. काकूची नजर माझ्या आरपार रस्त्याकडे लागलीय.

"कोणाची वाट पाहते?" मी हळूच विचारते.

"माही."

"तू तर इथंच हायेस."

"आज पोळा हाये न. पोळ्याले मी तुमच्या घरी जेवतो. बैलाले सुट्टी, मले मान." तो ताटाकडे बघतो. "अन् तिले हे. एकही पोळा मी पोराईत बसून जेवलो नाही, बेबे."

मला फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं म्हणून संताप येतो. "मंग बाबाले सांगायचं नाही का?"

"मालकाच्या आवतनाले नाही म्हनते का कोनी?"

तेवढ्यात पायाखालची जमीन ओली होते. ही कालव्याची पाळ आहे. माती लोण्यासारखी मऊ झालीय, खाली गढूळ पाणी चढतंय. डोमाकाकाच्या मानेवर जू आहे. जुवाच्या दुसऱ्या टोकाला निळा शर्ट घातलेला कोणी खाली मान घालून उभा आहे. कासरा माझ्या हातात आहे. मला तो टाकून द्यायचाय, पण मूठ उघडत नाही.

मी घाबरते. घाबरल्यावर जे आठवतं तेच बोलू लागते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले..."

"आवतन नको देऊ, बेबे!" काका पहिल्यांदाच माझ्यावर ओरडतो. "शिवळ काढ!"

जुवाच्या टोकाला मानेच्या बाहेरच्या बाजूनं ठोकलेली लाकडी खुंटी, ती शिवळ. ती निघाली की मान मोकळी. मी निळ्या शर्टाच्या बाजूची शिवळ धरते. लाकूड पाण्यानं फुगलंय, जागचं हलत नाही. पाळेला भेग पडते. निळा शर्ट कमरेपर्यंत पाण्यात जातो आणि त्याचा उजवा हात काही केल्या वर होत नाही.

"काका, पाळ खचते!"

"मंग वढ न व!"

मी दोन्ही हातांनी, होतं नव्हतं ते बळ लावून ओढते.

डोकं टेबलावरून उचलते तेव्हा फोन वाजतोय. ठेकेदार. घ्यायला हात पुढे करते तर अंगठ्यातून कळ मस्तकात जाते. अंगठ्यात लाकडाची कूस घुसलीय, काळी, जुन्या लाकडाची, आणि तिच्या बुडाशी रक्ताचा थेंब. टेबल लोखंडी आहे, खुर्ची प्लास्टिकची. या शेडमध्ये लाकडाचा तुकडा शोधून सापडायचा नाही.

"बाई, तुमी वरडल्या का?" सुखदेव दारात आहे. निळा शर्ट भिजलाय, उजवा हात डाव्या हातानं धरलाय.

"सुखदेव, तू घरी जा. आत्ताच नीघ. खांदा आधी डॉक्टरला दाखव."

"अन् उद्या मशीन?"

"राहू दे उभी."

त्याला खरं वाटत नाही. थोडा विचार करतो, मग घसा खाकरून विचारतो, "मंग उद्या जेवाले इकडं येऊ का, बाई?"

'ये' माझ्या अगदी ओठांवर येतं. किती बरं वाटलं असतं मला.

"नको," मी म्हणते. "तुझ्या घरी जेव."

तो मान डोलावतो, चावी टेबलावर ठेवतो आणि निघतो. फाटकापर्यंत सावकाश चालतो. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र मी परत हाक मारीन या धास्तीनं पळत सुटतो, दुखरा हात छातीशी धरून.

फोन वाजतोच आहे. मी नखांनी कूस ओढून बघते. खोल गेलीय, निघत नाही.