महूचा पत्ता

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवाल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या इंदुरात नसेल. त्यांचे आजोबा महूच्या छावणीत फाटकावर पहाऱ्याला होते. काकांनी तोच पहारा सर्व्हरवर बसवला होता. घरून लॉगिन करायचं तर आधी त्यांची परवानगी. कुठून येणार, कशाला येणार, किती वेळ बसणार, हे ते इतक्या गंभीरपणे विचारत की आपण चोरीलाच निघालोय असं मला वाटे. मग ते फायरवॉलच्या यादीत आमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता घालत. यादीत नसलेल्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवी. एकदा खुद्द मालकांनी उदयपूरच्या हॉटेलातून फोन केला. काका पोह्यांवर शेव पसरत म्हणाले, "भिया, कंपनी तुमची आहे, पण हॉटेलचं वायफाय तर तुमचं नाहीये ना." मालकांना चार दिवस खरोखरची सुट्टी घ्यावी लागली. परत आल्यावर त्यांच्या बायकोने काकांना मिठाई पाठवली.

मला काम शिकवताना त्यांचं एकच म्हणणं असे, "आधी आपला रस्ता, फिर ताला." तरुणपणी त्यांनी स्वतःचा पत्ता घालायच्या आधीच फायरवॉल चालू केली होती. सर्व्हर मुंबईत, काका इंदुरात, आणि दोघांमध्ये त्यांनीच लावलेलं कुलूप. "मुंबईला जाऊन साहेबांसमोर उभा राहिलो," ते सांगत. "सासऱ्यासमोर पण इतका नव्हतो घाबरलो."

जूनमध्ये ते रिटायर झाले. सर्व्हर माझ्याकडे आला, आणि पहिलंच काम होतं त्यांच्या महूच्या घराचा पत्ता यादीतून काढायचं. मी आठवडाभर टाळलं. राहू दिला असता तर कुणाला कळलंही नसतं. शेवटी त्यांचाच फोन आला.

"बेटा, मी अजून आत येतोय. काय चाललंय?"

"काका, तुमचाच तर सर्व्हर आहे."

"माझा काय? नोकरी संपली की आदमी बाहेरचा. काढ. मी इकडून बघतो."

मी ती ओळ पुसली, नियम लागू केले. फोनवर त्यांच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"नाही येता येत," ते म्हणाले. "पक्कं झालं. शाबास."

आता रोज सकाळी मी फायरवॉलची नोंद वाचते. जगभरातून कोण कोण दार ठोठावून गेलेलं असतं. त्यांत एक ठोठावणं महूच्या त्याच पत्त्यावरून असतं, साडेनऊचं, एकदाच. काकांच्याच नियमाप्रमाणे मी त्यांना फोन करून विचारायला हवं, कशाला आला होतात. मी पुढची ओळ वाचायला घेते.