पोरीला घेऊन मुलगी बघायला

बायको तापानं गेली तेव्हा आमची पोर आठ महिन्यांची होती. रडायला माणसं पुष्कळ आली. दिवसकार्य उरकेपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ते उरकल्यावर घरात फक्त मी आणि पोर. निपाणीत एका व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीत मी तेव्हा दिवाणजी होतो. पोती उतरवून घ्यायची, वजनं लिहायची, पाला निवडणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं. दिवस उगवायला हजर राहावं लागे. आईबाप माझे आधीच गेलेले. पोरीला कुणाजवळ ठेवतोस, असं एकानंही विचारलं नाही. जो तो सांगायचा, "दुसरं लगीन कर."

ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पोर सांभाळायला बाई ठेवीन पण लग्न करणार नाही, असं मी चारचौघांत ठणकावून सांगून बसलो.

आधी पोर शेजारच्या म्हातारीकडे ठेवली. म्हातारीला दिसायचं कमी आणि पोर रांगायला लागलेली. एकदा तिला चुलीजवळून ओढून काढलं ते रस्त्यानं चाललेल्या पाणक्यानं. मग खालच्या आळीतली एक विधवा बाई मिळाली. हात चांगला, पोरही तिच्याकडे रमली. पण वखारीत जेवढी मजुरी मिळाली असती तेवढी ती मागत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. तेवढे देऊन घरभाडं आणि दूध भागेना. मी घासाघीस सुरू केली, तशी ती बाई आमच्याच वखारीत पाला निवडायला येऊन बसली. रोज माझ्या डोळ्यांसमोर.

तेव्हा पोरीला मी वखारीत नेऊ लागलो. पुरुषानं मूल खांद्यावर घेतलं तर लोकांना खपतं, बाप जत्रेला निघालाय असं वाटतं. आमचं ध्यान खांद्यावर टिकत नसे. मी तिला बायकांसारखं कडेवर घ्यायचो. एका हातात दुधाचा तांब्या, सदऱ्याच्या खिशात दूध पाजायचं बोंडलं. ओळखीचं कुणी समोरून दिसलं की बोळात शिरायचो. तिची फडकी धुवायला उजाडण्याआधी ओढ्यावर जायचो, कारण बायका आल्या की हसायच्या, नाहीतर माझ्या हातातून फडकी काढून घ्यायच्या, आणि ते हसण्याहून वाईट लागायचं. स्वतःच्या पोटच्या पोरीला घेऊन मी चोरासारखा वावरत होतो.

वखारीतल्या धुळीनं ती शिंकून शिंकून लालबुंद व्हायची. एक दिवस तिनं निवडलेल्या पाल्यावर दूध ओकलं. मालक तसे वाईट नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिवाणजी, सोमवारपासनं एकटं या. न्हाय जमलं तर येऊ नका."

बेळगावात माझी थोरली बहीण होती. तिच्या पदरात पाच पोरं आणि सासू अंथरुणाला खिळलेली. शनिवारी सर्व्हिस मोटारनं तिच्याकडे गेलो. पोर ठेवून घे म्हणायला मला तोंड नव्हतं, तरी म्हणालो.

"किती दिस ठेवू?" ती म्हणाली. "बेळगुंदीला एक पोरगी हाय. धाकटी भावंडं सगळी तिनंच वाढवलीत. व्हय म्हण, म्हंजे लगीन होईस्तवर पोर माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुला बाई परवडत न्हाय नव्हं? मग बायको कर."

ती इतकं उघड बोलली तरी मला राग आला नाही. पगार बाईला द्यावा लागतो, बायकोला नाही, हे मोटारीत बसल्या बसल्या माझं मीच ठरवून आलो होतो. राग कसला येणार?

रविवारी बैलगाडीनं बेळगुंदीला गेलो. मी, बहीण आणि पोर. पोरीला घेऊन मुलगी बघायला आलेला माझ्यासारखा बिजवर त्या गावानं पाहिला नसावा. ओसरीच्या कडेला बायकांची दाटी झाली. गुळाचा चहा झाला. मुलगी येऊन पाटावर बसली. सोळा-सतरा वर्षांची असेल. बहिणीनं तिला नाव विचारलं नाही, की रांधता येतं का विचारलं नाही. माझ्या हातातून पोर उचलली आणि सरळ तिच्या मांडीवर ठेवली. बाजारात म्हैस घेताना धार काढून बघतात, तसे सगळे बघत बसले.

पोरीनं भोकाड पसरलं. मुलीनं तिला पालथी धरली, पाठ थोपटली, पदरानं नाक पुसलं, ओठांनी कसलासा आवाज काढला. हळूहळू पोरीचा आवाज बसला आणि ती झोपली. माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्या मुलीचा चेहरा मी अजून धड बघितला नव्हता. झोपलेल्या पोरीकडेच बघत होतो.

"जमलं," बहीण म्हणाली.

तेव्हा मुलगी बोलली. मान खालीच होती. "ह्यास्नी बायको पायजे, का पोर सांभाळाय बाई?"

तिचे वडील खेकसले, "गप बस गं." मी काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "पोरीला कुणी न्हाय."

"मग पगार काय देणार?"

चेष्टेचा सूर नव्हता तो. पगाराचं जमत असतं तर ती कदाचित खरंच आली असती, काम करून सणाला माहेरी गेली असती. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. वडिलांनी माझ्याकडे बघत हात जोडले. बहीण हसून म्हणाली, "तिखट हाय तोंडाची. पर पोर कशी झोपली बघा की." मग सगळे हसले. मीही हसलो. या हसण्याची लाज मला आजवर सोडत नाही. मुलीला खरं ते कळलं होतं, तिनं ते माणसांत विचारलं होतं, आणि मी दात काढले. उठून निघता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी मान हलवली.

लग्न उरकलं, बहिणीकडची पोर घरी आली. अंगाची हळद जायच्या आत मी वखारीत हजर झालो. पोर घरात असून मोकळ्या हातांनी चालायची ही किती महिन्यांतली पहिलीच वेळ. ओळखीचे भेटले की थांबून बोललो. मालकांनी पेढे मागितले. दिवसभरात घराची आठवणसुद्धा झाली नाही.

दिवस मावळताना घरी आलो तर पोर नव्या बायकोच्या अंगाला चिकटलेली. खाली ठेवली की किंचाळत होती. भाकरी कशा थापल्या होत्या देव जाणे. ती म्हणाली, "सकाळधरनं खाली उतरली न्हाय. मला जेवाय गावलं न्हाय."

मी पाय धुतले. हात पुढे करून पोरीला घ्यायचं, एवढंच होतं. ते मला येत होतं, इतके महिने दुसरं काय केलं होतं? तिनं एका हातानं ताट मांडलं, त्याच हातानं वाढलं. दुसऱ्या हातात पोर होती. मी पाटावर बसलो आणि पोटभर जेवलो.