टेलिफोनवरचे निर्व्यसनी

खेड्यांतली पाहणी बाकीच्या बायका पायी फिरून करत होत्या. माझ्या वाट्याला संगमनेर गावातले टेलिफोन आले, कारण माझा आवाज स्पष्ट होता आणि माझ्याकडून कागद हरवत नसत. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. पुण्याच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना मोठ्या माणसांच्या सवयी जाणून घ्यायच्या होत्या. तंबाखू, विडी, मिश्री, दारू, जेवणातलं मीठ, झोप आणि सगळ्यात शेवटी, तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा आहे का. डॉक्टरांचं म्हणणं असं की समोर माणूस बसलेला नसला की लोक मोकळेपणानं बोलतात, म्हणून फोन.

मी गावातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबल लावून घेतलं. उजवीकडे कोरे कागद, डावीकडे भरलेले, मध्ये फोन. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधली बाई यायची. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण दोनच दिवसांत आमची चांगली ओळख झाली.

"भुसाराचं दुकान लावता का?"

"मालक अन् थोरला, दोघंही गादीवर हायत. लावते. पन ताई, दारूचं आत्ता नका विचारू. गिऱ्हाईकं बसलीत."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मगाशी जोडला हुता त्यांचा नंबर. मागं गलका चाललाय नुसता."

त्या दुकानातून मालक म्हणाले, न्हाई. थोरला मुलगा म्हणाला, नाही. औषधांच्या दुकानातून नाही, कापडवाल्याकडून नाही, वखारीतून नाही. डावीकडचा गठ्ठा वाढत गेला आणि त्यात एकही तंबाखू खाणारा सापडेना. बाजाराच्या दिवशी डॉक्टर आले, कागद चाळले आणि खूश झाले. "तुमच्या गावातला व्यापारी वर्ग निर्व्यसनी दिसतोय."

मला मात्र बसवेना. मी रोज त्याच बाजारातून येत-जात होते. दुकानांच्या मागच्या भिंती कमरेइतक्या लाल झालेल्या होत्या. त्या कुणी रंगवल्या होत्या?

उत्तर ज्वारी आणायला गेले तेव्हा मिळालं. भुसाराच्या दुकानाचा थोरला, तिशीचा, दोन मुलांचा बाप, पोत्यांच्या आडोशाला उभा राहून तळहातावर तंबाखू मळत होता. तेवढ्यात पुढून वडिलांचा आवाज आला. त्यानं तंबाखू, चुना, सगळं तसंच मुठीत धरून मूठ खिशात घातली आणि "आलो, अण्णा" म्हणत गादीकडे गेला. टेलिफोन त्याच गादीवर होता, अण्णांच्या कोपराला लागून. तसाच तो प्रत्येक दुकानात होता. बापासमोर तंबाखू खाणं तर सोडाच, पण तिचं नावसुद्धा न घेणाऱ्या माणसांना मी बापाच्या मांडीजवळ ठेवलेल्या फोनवर तंबाखूचं विचारत होते.

मी परत आले आणि प्रश्नच बदलले. आधी मी "कोणतं व्यसन आहे?" असं विचारत होते, म्हणजे तंबाखूचं नाव पलीकडच्यालाच घ्यावं लागायचं. सगळं बोलणं मी करायचं. पलीकडच्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. शेजारी बसलेल्याला काही कळायचं कारण नाही. डॉक्टरांना विचारायला पुण्याला ट्रंक कॉल लावत बसले असते तर दिवस गेला असता. नव्या कागदांवर पहिल्यापासून सुरुवात केली. कापडवाल्याच्या मुलाच्या "नाही"चं "हो" झालं, वखारवाल्याचंही झालं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी अजूनच अस्वस्थ झाले. आपण काय काय लिहून घेतलं नव्हतं, हेच डोक्यात येत राहिलं.

मग भुसाराचं दुकान आलं. फोन थोरल्यानंच उचलला.

"वडील शेजारी आहेत का?"

"हो."

"तंबाखू खाता?"

तो थांबला. "हो."

"रोज?"

"हो, हो." हे घाईनं.

मीठ झालं, झोप झाली. शेवटचा प्रश्न विचारला. "तोंडात न भरणारी जखम आहे?"

मागून अण्णांचा आवाज आला. "कोन हाय रं?"

"दवाखान्यातनं हाय, अण्णा. पान्याचं इचारत्यात." मग मला, हळूच, "हो."

"महिना झाला?"

"हो."

"दिवाळीच्या आधीपासून आहे?"

"हो."

"दुखते?"

"नाही."

"तोंड पूर्ण उघडतं?"

"नाही."

ही दोन "नाही" ऐकून माझा हात कागदावर थांबला. न दुखणारी जखमच जास्त वाईट, आणि तोंड उघडेनासं झालं तर वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून तोंडाचे डॉक्टर येणार होते आणि ती त्यांची शेवटची फेरी होती.

"उद्या दुपारपर्यंत दवाखान्यात या. याल?"

"नाही."

"का?"

याला हो किंवा नाही म्हणता येत नव्हतं. त्यानं फोन ठेवला.

मी पिशवी घेऊन सरळ दुकानात गेले. अण्णा गादीवर बसले होते, थोरला तराजूशी होता. मी तूरडाळ मागितली. तो माझ्याकडे न बघता पोत्यांकडे वळला. मी मागोमाग गेले.

"काय ठरवलंत?"

"डाळ निवडून घ्या, बाई. खडे हायत."

"मी डाळीचं विचारत नाही."

त्यानं एकदा पुढे पाहिलं. "दवाखान्यात गेलो की अण्णा इचारनार, काय झालं. तोंड झालं म्हनलं की इचारनार, कशानं. तेवढं मला सांगता यायचं न्हाई. आजवर त्यांच्यापुढं साधं पान खाल्लेलं न्हाई मी."

"मग गालाला भोक पडल्यावर सांगणार का?"

"तुमी लई बोलता," तो म्हणाला आणि डाळीत माप बुडवलं. तोंड नीट उघडत नसल्यामुळे शब्द दातांमागून येत होते. एरवी मला तो त्याचा उद्धटपणा वाटला असता.

घरी आले तर काही सुचेना. भाजी करपली, ती टाकून दुसरी केली, तिच्यात मीठ दोनदा घातलं. त्याच्या वडिलांना सगळं सांगून टाकावं, असं मनात आलं. पण प्रत्येक फोनच्या सुरुवातीला मी कबूल करत होते की तुमचं उत्तर तुमच्या घरात कळणार नाही. ते मोडलं असतं तर गावात पुन्हा कुणी खरं बोललं नसतं आणि थोरल्यानं दवाखान्याची पायरी कधीच चढली नसती. त्याला बापाचा धाक येऊ देत नव्हता, तर त्याला आणू शकणाराही बापच होता. झोपेपर्यंत मी एवढंच घोळवत होते.

सकाळी रिसीव्हर उचलला.

"ताई, थोरला गाडी भरायला गेलाय," एक्स्चेंजमधली बाई म्हणाली.

"मला मालकच हवेत."

"अगंबाई," ती म्हणाली आणि नंबर जोडून दिला.

मी अण्णांना सांगितलं की आज तोंडाचे डॉक्टर आलेत आणि ज्यांनी फोनवर उत्तरं दिली त्यांतल्या काहींची तोंडं बघायची आहेत. तुमच्या थोरल्यांना पाठवा.

"त्याला काय व्यसन न्हाई," अण्णा म्हणाले.

"व्यसन नसलेल्यांचंही बघतात."

मागं कुणीतरी बाजरीचा भाव विचारत होतं. त्याला अण्णा म्हणाले, "थांब जरा."

"तुम्हीही आलात तर बरं," मी म्हणाले.

"मी कशाला? दुकान कोन बघनार? पाठवतो त्याला."

मी दाराशी जाऊन उभी राहिले, आत आले, पुन्हा गेले. रांगेतली माणसं संपत आली. कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुम्ही बसा, नाहीतर चाला. एक काहीतरी करा." डॉक्टरांनी टॉर्च पिशवीत ठेवायला घेतला तेव्हा थोरला आला. चेहरा तापलेला होता.

"अण्णांना काय सांगितलंत?"

"तुम्हाला व्यसन नाही, असं तेच म्हणाले. मी फक्त तुम्हाला पाठवायला सांगितलं."

"अण्णा म्हनले जा, म्हनून आलोय," तो म्हणाला आणि बाकावर बसला.

डॉक्टरांनी टॉर्च मारला, चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला केला. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "याला पुण्याला यायला लावा. परवा नको. उद्या."

थोरल्यानं चिठ्ठीची बारीक घडी केली. "हे अण्णांना तुमी सांगा."

"मी नाही सांगणार. पुण्याची पहिली गाडी कधी आहे ते मात्र विचारून ठेवते."

तो गेला. त्यानं घरी काय सांगितलं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाचा फोन नोकरानं उचलला. मालक आणि थोरला, दोघंही पुण्याला गेले होते. मी उरलेले नंबर संपवले, तक्ते केले, तक्त्यांची बेरीज पुन्हा तपासली. त्यानंतर रोज सकाळी एक्स्चेंजमधली बाई मी न विचारताच सांगायची, "दुकानावर अजून नोकरच हाय, ताई."

एका दुपारी पुण्याहून ट्रंक कॉल आला. अण्णा होते. ट्रंक कॉलवर सगळे ओरडत, तसेच तेही ओरडत होते.

"बाई, ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा काढला. येळेत आनलं म्हनत्यात."

मी खुर्चीत बसले. "बोलता येतं का त्यांना?"

"अजून न्हाई. पाटीवर लिहितो. बरं, ऐका. त्याच्या कागदावर व्यसन न्हाई असं लिहिलं असंल तर खोडा. मला ठाव हुतं. पोत्यांच्या मागं तंबाखूची चंची ठेवायचा. मी आपला तिकडं जातच नव्हतो."

मी काही म्हणेपर्यंत तेच पुढे म्हणाले, "अन् माझ्याही कागदावरचं खोडा."

"तुमच्या?"

"मग? गादीवर पोरगं शेजारी बसलेलं. त्याच्यापुढं मी तरी कसं सांगनार?"

"तीन मिनिटं झाली," मध्येच ट्रंकवरची ऑपरेटर म्हणाली.

"आनखी तीन द्या," अण्णा म्हणाले. "बाई, माझ्या बी गालाला आतनं पांढरं आलंय. त्ये तोंडाचे डॉक्टर हितंच बसत्यात, वरच्या मजल्यावर. दाखवू का?"

"आत्ता जा. फोन ठेवा आणि जा. मुलगा कुठं आहे?"

"हितंच की. शेजारी बसलाय."

"सगळं ऐकलं त्यांनी?"

"ऐकनारच. कान शाबूत हायत त्याचे."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग अण्णांचा आवाज फोनपासून लांब गेला. आता तो ओरडत नव्हता. "हळू ऊठ रं. धर माझा हात. वर जाऊ."