पायसने सरळ केलेली पाती

पायसला स्वस्थ बसता येत नाही हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. चर्चमध्ये फादरचं प्रवचन चालू असतानाही ह्याची बोटं बाकाच्या कडेवरून फिरत असतात, रंधा नीट मारलाय की नाही ते बघत. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्यावर मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या बांधायच्या, डागडुजी करायची हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण दोन वर्षांपूर्वी कुणा पाहुण्याची मोडकी सर्फबोर्ड दुरुस्तीला आली, ती जमली का ते बघायला हा स्वतःच लाटेवर गेला, आणि जे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

तेव्हापासून त्याने फळ्या करायचा सपाटा लावला. इथे सर्फबोर्डला फळीच म्हणतात. पायसच्या फळ्या आखूड, मागे जिभेसारख्या गोल शेपटीच्या. गोल शेपटीची फळी लाटेच्या उतारावर सुरेख वळते असं पोरं सांगत. पायसची वळत नसे. लाटेवर चढली की दावं तोडलेल्या बैलासारखी थेट किनाऱ्याकडे, ती वाळूतच थांबायची. फळीच्या तळाला शेपटीजवळ पाती असतात, माशाच्या परांसारखी, पाणी धरून ठेवायला. पायसने एक पातं लावून पाहिलं. मग दोन, मग तीन, मग चार. "आता झालर लावा," फेलिसिदाद, त्याची बायको, सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलता सोलता म्हणाली. पायस अर्ध्या जेवणावरून उठून शेडमध्ये गेला आणि शेपूट आणखी गोल करू लागला. ढिम्म फरक पडला नाही.

शेजारच्या सत्यवानचा होमस्टे आहे. त्याची मुलगी रसिका ही या किनाऱ्यावर लाटेवर उभं राहणाऱ्यांत सगळ्यांत तरबेज. पावसाळ्याच्या तोंडावर तिची गोव्यात निवड चाचणी होती, आणि तिच्या तीन पात्यांच्या फळीची बाजूची दोन्ही पाती खडकावर आपटून मोडली. तिने फळी पायसकडे आणली. दुसऱ्या कुणाकडे नेणार?

पायसने मोडकी पाती बघितली आणि चुकचुकला. दोन्ही पाती फळीच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंचित आत रोखून बसवलेली होती, तिरकी. आता होडी बांधणाऱ्याला हे कसं सोसावं? इथे होडीचा कणा दोरी ताणून बघतात. केसभर वाक दिसला तर तांडेल, होडीचा म्होरक्या, त्या होडीत पाय ठेवत नाही; वाकड्या कण्याची होडी घरी येत नाही असं जुने लोक म्हणतात. पायसने नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणली आणि नवी पाती तिला समांतर, अगदी सुतात बसवली. बनवणाऱ्याची चूक आपण सुधारली याचं त्याला मनातून फार बरं वाटलं. सांगितलं मात्र कुणाला नाही. चांगल्या कामाचा डांगोरा कशाला पिटायचा?

रसिका गोव्यात प्रत्येक वळणावर पडली. शेवटून पहिली आली. फळी तीच, दुरुस्ती अशी झकास की सांधा शोधून सापडू नये. मग दोष कुणाचा? आपल्याच पायांचा, असं तिने ठरवलं. घरी आल्यावर फळी माळ्यावर टाकली आणि पाऊसभर समुद्राकडे पाठ करून बसली. शेवटी ओरोसला आत्याकडे राहून एका कचेरीत नोकरी धरायचं ठरलं. हे ऐकून पायस हळहळला. पोर घाबरली असेल, म्हणाला, आणि पुन्हा आपल्या न वळणाऱ्या फळीला घासायला लागला.

नारळी पौर्णिमा झाली, पाहुणे येऊ लागले. एका सकाळी सत्यवानच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन परक्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या दिसल्या आणि पायसचा हात सवयीने खिशातल्या दोरीकडे गेला. पहिलीची बाजूची पाती नाकाकडे आत रोखलेली. हाही बेपर्वाच, तो पुटपुटला. दुसरी फळी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या देशातली. तिचीही पाती तशीच, तेवढीच आत. पायसने दोन्हींवर दोरी ताणून मोजलं. एकजण चुकतो. दोघेजण एकाच मापाने चुकत नाहीत.

घरी येऊन त्याने आपल्या एका फळीची सुतात बसवलेली पाती उपटली आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम तिरकी बसवली. हात नको नको म्हणत होते. रेझिन सुकेपर्यंत त्याने शेडमध्ये येरझारा घातल्या, दोनदा हात लावून बोटं चिकटवून घेतली. मग फळी पाण्यात घातली. लाट आली, तो उभा राहिला, जरासा कलला, आणि फळी वळली. अलगद, लोण्यात सुरी फिरावी तशी. दोन वर्षं ज्याच्यासाठी तो तळमळला ते हेच होतं. पण फळी वळली म्हणजे रसिकाला आपणच पाडलं, यात आता संशय राहिला नाही.

"सत्यवानाचा चेडू आता ओरोसाक जावक तयार झालां," त्याचं ऐकून फेलिसिदाद म्हणाली. "कशाक खाजवन खरूज काढतास?"

पण पायसने ऐकलं नाही. तो फळी घेऊन तसाच सत्यवानच्या खळ्यात गेला. रसिका कपडे वाळत घालत होती.

"रसिका, गोव्यात तू पडलंस नाय गो. मी तुका पाडलंय," तो म्हणाला, आणि पात्यांची सगळी हकीकत त्याने सांगून टाकली.

तिने हातातला पिळा बादलीत टाकला.

"तुमका कोणी सांगलेलां सरळ करूक?"

"कोणीच नाय."

"पावसाळोभर माका वाटत होतां, माजेच पाय गेले. आरशात बघूचीसुद्धा माका लाज वाटत होती, पायसकाका."

तिने त्याच्या काखेतली फळी ओढून घेतली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली.

तिची पहिली लाट हुकली. दुसरीवर ती उभी राहिली, कलली, वळली; पुन्हा वर चढली, पुन्हा वळली. पायसने आपली फळी अशी चालताना कधी पाहिली नव्हती. त्याला नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिथेच वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते; खाऱ्या पाण्याने की कशाने, कोण सांगणार.

"फळी बरी आसा," ती म्हणाली. "पण तुमका माफ केलंय नाय."

"नको करू."

"सोमवारी मी ओरोसाक जातलंयच. शब्द दिलोसा. पण आता पळान जातंय नाय."

एवढं बोलून ती फळी काखेत मारून घराकडे चालू लागली. पायसच्या दोन वर्षांत वळलेली ती एकुलती एक फळी होती. त्याने ती परत मागितली नाही.